ब्लँक नंबर चार

गुरुवार, ७

मोठ्या बाईंनी आज होकार दिला, तोही कपाळाला आठ्या घालून. आमच्या प्रयोगशाळेत त्यांचा होकार असाच मिळतो. म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत मुदत. तुझं मशीन उंदरांइतकं खरं बोलतं हे मला कागदावर दिसलं पाहिजे. आणि एक जरी ब्लँक खोटं बोललं ना, तर मशीन वरच्या मजल्यावर औषधवाल्यांकडे जाईल आणि तू परत पाण्याच्या बाटल्यांकडे." पाण्याच्या बाटल्या मी सहा वर्षं तपासल्या आहेत. परत जायचं नाही म्हणजे नाही.

ही वही त्यासाठीच घेतली. कामाच्या नोंदवहीत फक्त आकडे मावतात, माझी चिडचिड मावत नाही.

उद्या शिकायला येणाऱ्या नव्या लोकांसमोर बोलायचंय, म्हणून इथे एकदा घोकून घेते. बोटुलिनमचं विष हे जंतूचं विष. हवाबंद डब्यात, बाटलीत हा जंतू सुखाने वाढतो. वास नाही, चव नाही. विष वरून खाली उतरतं. आधी डोळे: एकाचे दोन दिसतात, पापण्या जड होतात, तोंडाला कोरड पडते. मग जीभ आणि घसा. मग मान. मग छाती, आणि श्वास थांबतो. मेंदूला मात्र धक्का नाही, माणूस आतून टक्क जागा असतो. हे मी इतक्या वेळा म्हटलंय की आता पाढ्यासारखं तोंडातून येतं. रोगी मी आजवर एकही पाहिलेला नाही. आमच्याकडे नळ्या येतात.

जुनी पद्धत म्हणजे रोग्याचं रक्त उंदराला टोचायचं आणि चार दिवस बघत बसायचं. ते खातं मूषकरावांकडे आहे. हे नाव आम्ही पाठीमागे घेतो, तोंडावर सगळे काका म्हणतात. तीस वर्षं उंदरांत काढलेला माणूस, चालतोसुद्धा भिंतीच्या कडेकडेने. माझी पद्धत वेगळी. विष ही एक कात्री आहे असं धरायचं. कात्री दिसायची नाही इतकी बारीक, म्हणून मी तिला कापायला दोरा देते, म्हणजे प्रथिनाचा एक छोटा तुकडा. दोरा कापला गेला की मास स्पेक्ट्रोमीटर ते तुकडे तोलतो. 'ए' जातीचं विष एका जागी कापतं, 'बी' दुसऱ्या जागी, म्हणून तुकड्याच्या वजनावरून जात कळते. विष किती हे कळायला मी त्यात तसाच पण किंचित जड केलेला तुकडा मोजून घालते. पडद्यावर दोन सुळके शेजारी शेजारी उभे राहतात आणि त्यांची उंची ताडून बघायची. पाच तासांत निकाल.

काकांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "छान आहे. पण उंदीर मेला की मेला, त्याला उंची नसते."

शुक्रवार, ८

बोलणं बरं झालं. दोघं झोपले, पण ते जेवणानंतरच होतं.

आता ब्लँकची भानगड. ब्लँक म्हणजे ज्यात विष नाही हे आधीच ठाऊक आहे असा नमुना. मशीनने तिथे 'काही नाही' म्हटलं तरच त्याच्या 'आहे' ला अर्थ. आमच्याकडची रीत अशी की ब्लँकसाठी आम्ही कर्मचारीच एकेक नळी रक्त देतो. नळीवर फक्त नंबर. नंबरापुढे नाव आणि सही मोठ्या बाईंच्या कपाटातल्या वहीत. पाच ब्लँक लागतात आणि सध्या आम्ही बरोबर पाच जण आहोत. मी नंबर चार.

परिचारिकेने बोट टोचून हिमोग्लोबिन बघितलं आणि म्हणाली, "साडेआठ? तुमचंच रक्त तुम्हाला पुरत नाहीये. गोळ्या घ्या, दोन महिन्यांनी या."

दोन महिन्यांनी मी पाण्याच्या बाटल्या धूत असेन. तिला म्हटलं, बाईंना सांगू नका, मी बघते काय करायचं ते. बघते म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळलं होतं. घरी ताई आहे.

रविवार, १०

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. ती घरी बसून प्रुफं तपासते. छापखान्याचा माणूस गठ्ठा टाकून जातो, ती खिडकीतल्या टेबलाशी बसून लाल पेनाने त्यांची हजेरी घेते. घरातही तेच. औषधाच्या बाटलीवरची चूकसुद्धा दुरुस्त केल्याशिवाय ती औषध घेत नाही. गेल्या महिन्यात तिने स्वयंपाकाचं एक पुस्तक तपासलं आणि त्यातलं एकेक करून बघायचं तिच्या मनाने घेतलं. सध्या लसणाच्या पाकळ्या तेलात बुडवून बाटली बूच लावून शेगडीशेजारी ठेवलीये. तीनेक आठवडे मुरलं, आता रोज पावाला चोपडून खाते. मला त्या वासानेच मळमळतं, त्यामुळे बाटली तिची एकटीची आहे.

दुपारी मी विषय काढला. तिने पेन खाली ठेवलं.

"नळीत रक्त माझं आणि पुढे सही तुझी?"

"अगं, रक्त निरोगी असलं की झालं. कोणाचं आहे याला महत्त्व नाही."

"महत्त्व नाही तर माझं नाव लिही."

"तसं चालत नाही."

"मग महत्त्व आहे," ती म्हणाली. "छोटे, चूक झाली तर मी समजू शकते. तू चूक जुळवून वर शुद्ध असा शिक्का मारायला निघाली आहेस."

तासभर धुसफूस. शेवटी मी रडकुंडीला आले, अर्धी खरी, अर्धी सवयीने. ती म्हणाली, "घे बाई. उद्या सकाळी घे आणि माझ्या डोळ्यांपुढून जा." तेवढ्यात तिने तीनदा उठून पाणी प्यायलं. घशाला कोरड पडलीये म्हणे. एवढं भांडल्यावर पडणारच.

सोमवार, ११

पावणेसातला खिडकीपाशी रक्त घेतलं. एका टोचण्यात मिळालं, मला येतं ते. ताई डाव्या डोळ्यावर तळहात ठेवून प्रुफं वाचत होती. विचारलं तर म्हणाली, "अक्षरं जोडीने चाललीत आज. प्रत्येक ओळीखाली तिची सावली."

"चष्म्याचा नंबर वाढला. वय झालं तुझं."

यावर ती गप्प. एरवी वयावरून बोललं की मला सळो की पळो करते. म्हणजे सहीचा राग अजून डोक्यात आहे.

कपाटातल्या वहीत सही केली.  हलकंच वाटलं.

मंगळवार, १२

हे शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

पाचही ब्लँक आज लावले. एक, दोन, तीन, पाच: मी घातलेला जड तुकडा तेवढा उभा. एकच सुळका, आजूबाजूला सपाट. चार नंबरला त्याच्या डाव्या हाताला दुसरा सुळका होता. बारीक, पण सरळ, आणि नेमका जिथे 'बी' विषाने कापलेला तुकडा यायला हवा तिथेच. मी खुर्ची मागे सरकवली. खोलीत मी एकटी होते आणि तरी मागे वळून पाहिलं.

नुसता द्रव सोडला, पडदा सपाट. परत चार नंबर, परत तो. तिसऱ्यांदाही तोच. ज्यात काही नाही हे ठरलेलं आहे, त्यात कोणीतरी होतं.

भूत वगैरे मी मानत नाही. कारण साधं असणार. ज्या काचेच्या पेटीत मी रक्त वेगळं केलं, तिथेच सकाळी 'बी' विषाची कुपी उघडली होती. हातमोज्याला लागलं असेल. बाईंना इतक्यात सांगत नाही.

घरी आले तर ताई सातलाच भिंतीकडे तोंड करून पडलेली. "सर्दी झाली का?" म्हटलं, कारण आवाज सगळा नाकातून येत होता. "नाही," म्हणाली. हा 'नाही' पण नाकातूनच.

बुधवार, १३

मशीन उकळत्या पाण्याने धुवायचं काय ते राहिलंय. नळ्या बदलल्या, जागा बदलल्या, चार नंबरला एकच्या जागी ठेवलं. सुळका नळीबरोबर जागा बदलतो. माझ्यामागे लागल्यासारखा.

अकराला काका आले. तुलनेसाठी त्यांनीही तेच पाच नमुने काल उंदरांना टोचले होते. दाराशी उभं राहून म्हणाले, "चार नंबरचे दोन्ही गेले. कंबर आवळत आवळत गेले, या विषात जातात तसेच. आणि ज्या दोघांना आधी 'बी'चं प्रतिविष दिलं होतं, ते दोघं मजेत खाताहेत."

"माझ्या हातमोज्यातून लागलं असेल."

"असेल. पण मला वाटतं, हा माणूस आजारी आहे."

"चार नंबर मी आहे, काका. मी आजारी आहे? मी मेलेय?"

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. उंदराच्या पिंजऱ्यात बघतात तसे. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "मशीन आलं तर तुमचं खातं बंद होणार, म्हणून काहीतरी कालवताय का तुम्ही माझ्या नळीत?" हे मी खरंच म्हटलं. त्यांनी नोंदवही मिटली आणि भिंतीच्या कडेने निघून गेले. संध्याकाळपर्यंत मनाला लागून राहिलं, पण माफी मागायला पाय उचलला नाही.

घरी ताईचा वेगळाच अवतार. छापखान्याने गठ्ठा परत पाठवलाय, एका पानावर अकरा चुका राहिल्यात म्हणून. ताईच्या पानावर अकरा! मी थट्टा केली तर ती बोलली नाही. चहाचा घोट घेतला तो नाकातून बाहेर आला. तिने पदराने पुसलं आणि तोंड फिरवलं. मला वाटलं हसू आवरलं असेल. तसंही नाही. माझ्याकडे नजर उचलून बघतच नाही. बघायचंच झालं तर डोकं मागे टाकते आणि खाली झुकलेल्या पापण्यांच्या फटीतून बघते, जणू मी दारातला चोर. एवढा ताठा! मग मीही अबोला धरला. बाटली मात्र संपत आलीये, त्यावर राग नाही.

उद्या दुसरी नळी घेणार. यावेळी विषाची कुपी उघडणारच नाही. सुळका गेला की हातमोज्यांवर शिक्कामोर्तब.

गुरुवार, १४, सकाळी

नळी घेतली. ताई टेबलाशी दोन शब्दकोश एकावर एक ठेवून त्यावर हनुवटी टेकून बसली होती. काहीतरी म्हणाली, मला समजलं नाही. "नीट बोल ना," म्हटलं. परत बोलली नाही. मी बाही वर केली तर हात आपणहून माझ्या मांडीवर सोडून दिला, चांगला जड. म्हणजे राग ओसरला एकदाचा. आता निघते, उशीर झाला.

शुक्रवार, १५, रुग्णालयात

काल दुपारपासूनचं क्रमाने लिहिते. क्रम तरी धड राहू दे.

एक वाजता निकाल आला. कुपी उघडली नव्हती, मोजे नवे, पेटी दुसऱ्या खोलीतली. सुळका तिप्पट. शेजारचा माझा तुकडा त्याच्यापुढे ठेंगणा दिसत होता. मी पडद्याकडे बघत बसून होते. किती वेळ, माहीत नाही. काका कधी आत आले कळलं नाही. बुधवारच्या भांडणाचं ते एक अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, "वर बघा. छताकडे. पापणी मिटायची नाही. मी साठ मोजतो."

मी बघितलं. त्यांनी साठपर्यंत मोजलं. छताच्या कोपऱ्यात ओल आली आहे, हे मला आत्ता सगळ्यांत स्पष्ट आठवतं.

"तुमच्या पापण्या जागच्या हलल्या नाहीत. तुम्ही ठणठणीत आहात," ते म्हणाले. "मग आता चार नंबर कोण आहे, त्याला जाऊन असंच वर बघायला सांगा."

तेव्हा ताईचं मागे टाकलेलं डोकं माझ्यासमोर आलं. ताठा नव्हता तो. पापण्या उचलत नव्हत्या म्हणून ती डोकं उचलत होती.

मी घरी धावले, तीन मजले पडत-धडपडत चढले. ताई सकाळच्याच जागी, हनुवटी शब्दकोशांवर, तोंडातून लाळ गळून वरच्या शब्दकोशाचं पान भिजलेलं. डोळे मिटलेले. "ताई" म्हटलं तर अंगठा हलवला. मी बोटाने तिची पापणी वर केली. ती आतून माझ्याकडेच बघत होती.

सव्वादोनला रुग्णालय. वॉर्डातले डॉक्टर माझ्याच वयाचे, बोलायला सरळ. मी बोटुलिझमचं नाव घेतलं तसे दचकले, पण ऐकून घेतलं. ताईच्या खाटेशी उभं राहून विचारलं, "हे सुरू कधी झालं?"

मी म्हटलं, "काल दुपारपासून."

का, ते इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. सोमवार म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. सोमवारी काय पाहिलं, रक्त का घेतलं, कुठे नेलं, सही कोणाची. वहीतली खोटी सही, मशीन, या पद्धतीवर घातलेली तीन वर्षं, सगळं त्या एका वाराला बांधलेलं होतं. आणि मला वाटलं, उपचाराला वाराने काय फरक पडतो? विष ते विष.

डॉक्टर म्हणाले, "प्रतिविष मध्यवर्ती कोठारात आहे. प्रयोगशाळेच्या लेखी निकालाशिवाय ते सोडत नाहीत. आत्ता रक्त काढतो. किती वेळ लागेल तुमच्याकडे?"

"पाच तास. मी स्वतः लावते."

माझ्या पिशवीत सकाळच्या नळीचा निकाल होता. चार घड्या घातलेला, छापील, 'बी', आकड्यासकट. तो मी बाहेर काढला नाही. त्यावर चार नंबर होता आणि चार नंबर मी होते. नीट घेतलेला, नीट नाव घातलेला नमुनाच हवा ना, असं मी स्वतःला सांगितलं. टॅक्सीत सांगितलं, जिन्यात सांगितलं, मशीनसमोर बसूनही सांगत राहिले.

सात चाळीसला ताईचा श्वास अपुरा पडला आणि तिला कृत्रिम श्वासावर घेतलं. आठला माझा निकाल गेला. पावणेनऊला प्रतिविष टोचलं.

रविवार, १७

डॉक्टरांनी आज बसवून समजावलं. प्रतिविष रक्तात फिरणारं विष धरतं. जे आधीच मज्जातंतूंत शिरलं ते शिरलं, तिथे नवी टोकं फुटेपर्यंत वाट बघायची. आठवडे, कदाचित महिने. मला हे तोंडपाठ आहे, पण त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं. दोन-चार तास आधी टोचलं असतं तर श्वास वाचला असता का, असं विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाले. "वाचला असताही."

मग म्हणाले, "त्यांच्याशी बोलत जा. डोळे मिटलेत म्हणून झोपल्यात असं समजू नका. सगळं ऐकू येतं त्यांना."

"आता?"

"पहिल्यापासून. दाखल केल्या क्षणापासून."

मी विचारलं, खोलीचा पडदा बदलता येईल का, ऊन थेट येतं.

परिचारिका दर चार तासांनी ताईच्या डोळ्यांत थेंब घालते. त्यासाठी पापण्या वर करते. त्या दोन क्षणांत ताई माझ्याकडे बघते. मी त्या वेळेला पाणी आणायला जाते.

बुधवार, २०

मोठ्या बाईंनी चक्क माझा हात हातात घेतला. पाच तासांत निकाल, एक जीव वाचला, पद्धत मंजूर. घरची बाटलीही तपासली, तेलात 'बी' विष एवढं की पडद्यावरचा सुळका वरून कापला गेला. अहवालात ब्लँकची ओळ भरायची होती. मी लिहिलं: चार ब्लँक स्वच्छ, चार नंबरची नळी फुटल्याने बाद. बाईंनी सही केली. त्यांनी वाचलंही नसेल, डोळे भरून आले होते त्यांचे.

जिन्यात काका भेटले. "बहीण कशी आहे?"

"तशीच."

"फुटली नाही हां ती नळी. उरलेली माझ्या फ्रीझरमध्ये आहे. मी काही टाकत नाही." धमकीचा सूर नव्हता. बाजारातून येताना काय आणू विचारावं, तशा आवाजात म्हणाले. "कोणी मागितलीच तर सांगा, काढून देतो."

कोण मागणार आहे!

शुक्रवार, २२

रोज सहा ते आठ ताईपाशी बसते. छापखान्याची प्रुफं मुद्दाम वाचून दाखवते, चुकांसकट. यंत्र तिची छाती वर-खाली करतं, त्याच्या लयीत माझंही वाचन पडायला लागलंय. आज एक परिच्छेद दोनदा वाचला गेला. ताई आपल्या जागी असती तर तिसऱ्या शब्दाला थांबवलं असतं. तिच्या गप्प चेहऱ्यासमोर मला बोलायची भीती वाटते आणि बोलायचं थांबले की त्याहून जास्त. सांगून टाकावं असं मनात येतं. मग वाटतं, तिला ठाऊक आहे ते तिलाच काय सांगायचं.

शनिवार, ३०

ताईच्या उजव्या पायाचा अंगठा परवापासून तिचं ऐकतो. एकदा हलवला की हो, दोनदा हलवला की नाही. वाचा-उपचार करणारी मुलगी आज अक्षरांचा तक्ता घेऊन आली. ती एकेक ओळ म्हणणार, मग ओळीतलं एकेक अक्षर, हवं तिथे ताईने अंगठा हलवायचा.

तेवढ्यात डॉक्टर आले. सोमवारपासून वॉर्ड दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जाणार, त्यांना बरोबर घेऊन. कागद हातात धरून खाटेशी मोठ्याने वाचत होते: "बोटुलिझम, 'बी'. लक्षणं बुधवारी दुपारी सुरू, गुरुवारी दाखल."

अंगठा दोनदा हलला.

कोणी लक्ष दिलं नाही. मी दिलं. परत दोनदा. परत दोनदा.

"त्या नाही म्हणताहेत," मुलगी म्हणाली. "काहीतरी चुकलंय असं सांगायचंय का, काकू?" एकदा.

तक्ता सुरू झाला. फार वेळ लागतो त्याला. स. मग ओ. दुसऱ्या अक्षराला मला कळलं आणि पुढची चार अक्षरं मी खिडकीच्या गजाला धरून ऐकली. म. व. आ. र. मुलीने एकत्र वाचलं: "सोमवार." मग हसून म्हणाली, "वार विचारताहेत वाटतं. आज शनिवार आहे हं, काकू."

दोनदा.

डॉक्टर माझ्याकडे वळले. मुलीने दिलेलं उत्तर तिथेच होतं, मी मान हलवली असती तरी चाललं असतं. त्या खोलीत माझ्याशिवाय कोणालाच काही कळलं नव्हतं. आणि ताईशिवाय.

मी म्हटलं, "सोमवारपासून. सोमवारी तिला अक्षरं दोन-दोन दिसत होती. मी तिचं रक्त घेऊन माझ्या नावावर लावलं. मंगळवारी त्यात विष दिसलं. गुरुवारी दुपारी तुम्ही प्रतिविषासाठी कागद मागितलात तेव्हा तो माझ्या पिशवीत होता."

 मुलगी तक्ता छातीशी धरून उभी होती. डॉक्टरांनी टेबलावर कागद ठेवला, 'बुधवार' वर आडवी रेघ मारली, वर 'सोमवार' लिहिलं, शेजारी सही केली आणि खाटेकडे तोंड करून, अगदी सावकाश, नवी ओळ वाचून दाखवली.

अंगठा एकदा हलला.

सगळे बाहेर गेल्यावर मी ताईच्या पायावर हात ठेवला. तिने पाय मागे घेतला नाही. तिला तो अजून मागे घेता येत नाही.